मोर्चा लोकांचा, मग पुढारी कोण?

सरकारच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध लोक चिडून एकत्र आले, की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच एक वाद हमखास उभा राहतो. विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांना व्यासपीठावर घ्यायचं की लांब ठेवायचं? कोणी म्हणतं, ‘पक्षवाले आले की आंदोलन संपलं, ते आपली पोळी भाजून घेणार.’ कोणी म्हणतं, ‘पक्षांना लांब ठेवून करणार काय? विधानसभेत आपलं म्हणणं मांडायला तुम्ही-आम्ही जाणार आहोत का?’ दोन्ही बाजूंच्या गाठीशी जुने कडू अनुभव असतात, त्यामुळे हा वाद चटकन मिटत नाही.

आंदोलन चालवणं हे एकट्यादुकट्याचं काम नसतं, हे आधी लक्षात घेऊ. दुखणं काय आहे ते मोठ्याने बोलून दाखवावं लागतं. माणसं जमवून ती महिनोन्महिने टिकवावी लागतात. सरकारशी बोलणी करावी लागतात. जे पदरात पडेल ते कायद्यात किंवा शासन निर्णयात उतरवून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर ते खरोखर अमलात येतंय का यावर वर्षानुवर्षं डोळा ठेवावा लागतो. यातली काही कामं सामान्य माणूस पुढाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली करतो, काही त्याला करताच येत नाहीत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव ही सभागृहात सरकारला जाब विचारण्याची हत्यारं फक्त आमदाराच्या हातात असतात. सभागृहात तो जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर कोर्टात खटला भरता येत नाही; हे संरक्षण राज्यघटनेच्या कलम १९४ ने त्याला दिलंय. तेच वाक्य तुम्ही चौकात बोललात तर अब्रुनुकसानीची नोटीस घरी येऊ शकते. पण ‘हे सगळं खुर्चीसाठी चाललंय’ हा आरोप आमदाराला लगेच चिकटतो. आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उतरलेल्या गृहिणीला तो चिकटवणं सरकारला जड जातं.

या सगळ्या कामांच्या वर एक अधिकार असतो. कुठे थांबायचं, कशावर तडजोड करायची, हे ठरवण्याचा. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे, आणि पुढची उदाहरणं त्याच नजरेने बघितली तर बराच गुंता सुटतो.

आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. संयुक्त महाराष्ट्राचा लढा घ्या. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला आणि त्याच वर्षी जुलैत शंकरराव देवांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. देव काँग्रेसचे मोठे नेते होते. पुढची नऊ वर्षं निवेदनं, शिष्टमंडळं आणि आयोगांपुढच्या साक्षी यांत गेली. या मंडळींच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण दिल्लीतल्या पक्षश्रेष्ठींनी एक सांगितलं आणि महाराष्ट्रातल्या लोकांनी दुसरं, तर पाऊल कुठे टाकायचं, हा पेच त्यांना कधीच सुटला नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला: विदर्भ वेगळा, आणि उरलेला मराठी मुलूख गुजरातबरोबर एका द्विभाषिक राज्यात. मग श्रेष्ठींनी तीन राज्यांची योजना काढली, ज्यात मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नव्हतं. डिसेंबरात फलटणला यशवंतराव चव्हाणांनी उघड सांगून टाकलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू. महाराष्ट्रात याबद्दल त्यांना फार शिव्या बसल्या. पण सत्ताधारी पक्षातल्या माणसाची मर्यादा कुठे येते हे त्यांनी निदान लपवलं नाही.

दरम्यान गाडी लोकांनी हातात घेतली होती. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील या, मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध असलेल्या काँग्रेस नेत्यांची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, मुंबईत संप झाला. डावे पक्ष आणि कामगार संघटना त्यामागे होत्या, पण रस्त्यावर आलेली गर्दी कोणा एका पक्षाची नव्हती. विधानसभेत राज्य पुनर्रचनेवर चर्चा चालू होती आणि तिकडे निघालेल्या लोकांना फ्लोरा फाउंटनपाशी अडवण्यात आलं. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, मग गोळ्या. १५ जण गेले. जानेवारीत नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असं जाहीर केलं तेव्हा पुन्हा गोळीबार झाला, आणि या खेपेला दिवसेंदिवस होत राहिला. आज हुतात्मा चौकातलं स्मारक १०६ जणांची आठवण सांगतं. त्यांच्यात गिरणी कामगार, हातावर पोट असलेली माणसं, कोवळी पोरं आहेत. नावाजलेला पुढारी त्या यादीत शोधून सापडत नाही.

संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती यानंतर, ६ फेब्रुवारी १९५६ ला, पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत. म्हणजे फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारानंतर अडीच महिन्यांनी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रीपाद अमृत डांगे कम्युनिस्ट, एस. एम. जोशी समाजवादी. ‘चले जाव’च्या काळात समाजवादी भूमिगत होऊन लढत होते आणि कम्युनिस्टांनी त्या लढ्याला विरोध केला होता. हे वैर साधं नव्हतं, त्यात तुरुंगवास आणि विश्वासघाताचे आरोप होते. त्यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, आणि शेवटी हिंदू महासभा आणि जनसंघसुद्धा. एरवी एका मांडवात न बसणारी ही माणसं एककलमी कार्यक्रमावर एकत्र आली, कारण न येण्याची सोयच लोकांनी ठेवली नव्हती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्यासारखे शाहीर गावोगाव हा प्रश्न घेऊन गेले. आचार्य अत्र्यांचं ‘मराठा’ दैनिक नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालं. प्रश्न पेटता ठेवण्याचं काम असं चौफेर चाललं होतं.

पण नुसत्या सभांनी राज्य मिळालं असतं का? मला नाही वाटत. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला अक्षरशः लोळवलं. डांगे मुंबईतून, क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. एस. एम. आणि अत्रे विधानसभेत पोचले. कराडला खुद्द यशवंतराव थोडक्यात वाचले. समिती नसती तर लोकांचा राग मतपेटीत कोणत्या चिन्हावर पडला असता? पाच पक्षांचे पाच उमेदवार उभे राहिले असते आणि मतं फुटून काँग्रेस आरामात निवडून आली असती. रस्त्यावरच्या गर्दीचं निवडून आलेल्या माणसांत रूपांतर करायला पक्ष, उमेदवार, बूथवर बसणारे कार्यकर्ते, जागावाटपाची वाटाघाट हे सगळं लागतं.

आणि तरी तेवढ्याने भागलं नाही. १९५६ मध्ये शेवटी मुंबई, गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा धरून एकच मोठं द्विभाषिक राज्य झालं होतं. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर त्या द्विभाषिकात बहुमत काँग्रेसचंच राहिलं. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने काळ्या निशाणांची निदर्शनं केली. त्या गर्दीचा अर्थ सत्तेतल्या माणसांना कळला. यशवंतरावांनी दिल्लीत हळूहळू पटवून द्यायला सुरुवात केली की द्विभाषिक चालणार नाही. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्यावर त्या प्रयत्नाला जोर मिळाला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. ‘विरोधी पक्ष की जनता’ असा प्रश्न विचारताना हा तिसरा घटक, म्हणजे सत्ताधारी पक्षात बसलेला आणि लोकांचा दाब ओळखणारा माणूस, आपण नेहमी विसरतो. शेवटची सही त्याच्याच पक्षाची असते.

यातही एक जागा रिकामी राहिली: बेळगाव, कारवार, निपाणी हा सीमाभाग आजच्या कर्नाटकातच राहिला. राज्य मिळाल्यावर समितीतलं एकमत विरघळलं, समाजवादी बाहेर पडले, आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या वाट्याला बेळगाव कर्नाटकाकडेच ठेवा म्हणणारा महाजन आयोग आला आणि पुढे २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा. तिकडच्या महाराष्ट्र एकीकरण समितीने लोकांची चळवळ आणि निवडणूक लढवणारी संघटना ही दोन्ही कामं एकाच घरात ठेवली. कित्येक वर्षं ते जमलंही. मग गटबाजी झाली, एकाच मतदारसंघात समितीचेच उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहू लागले. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार नव्हता. बेळगावातल्या लोकांची मागणी यात कुठेही पातळ झालेली नाही. तिकिटाच्या भांडणात चळवळीची ताकद झिजली, एवढंच.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं आणि मुलं भडकली. महागाईने पिचलेली घरंच्या घरं त्यांच्यामागे आली. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं. विद्यार्थ्यांच्या समितीने पक्षांना शक्य तितकं लांब ठेवलं. दोन महिन्यांच्या आत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, मार्च १९७४ मध्ये विधानसभा विसर्जित झाली. स्वतंत्र भारतात विद्यार्थ्यांनी एवढं करून दाखवलं नव्हतं.

पण पुढे काय? मुलांकडे पर्यायी सरकार नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. वर्षाहून जास्त काळ राष्ट्रपती राजवट राहिली. निवडणूक घ्या म्हणून एप्रिल १९७५ मध्ये उपोषणाला बसले ते मोरारजी देसाई, तोवर विरोधी पक्षात गेलेले मुरलेले पुढारी. जूनमध्ये निवडणूक झाली, विरोधकांच्या जनता मोर्चाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या, तरी बहुमत थोडं कमी पडलं. बाबुभाई पटेलांचं ते सरकार उभं राहिलं कोणाच्या टेकूवर? चिमणभाईंनी नव्याने काढलेल्या पक्षाच्या. ज्यांना खाली खेचायला मुलांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच पाठिंब्यावर. १९९० मध्ये चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले. मुलांचं धाडस यामुळे कमी ठरत नाही. पण ज्या खोलीत निर्णय होतात त्या खोलीत आपलं कोणी नसेल, तर दार आपण फोडायचं आणि आत दुसऱ्यांनी बसायचं असं होतं, हे त्यांच्या अनुभवातून शिकण्यासारखं आहे.

या दोन टोकांच्या मध्ये कसं चालता येतं ते मुंबईच्या बायकांनी दाखवून दिलंय. १९७२ च्या सुमारास महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट, आणि मोर्चात येणाऱ्या हजारो बायका कोणत्याच पक्षाच्या नव्हत्या. रॉकेल, साखर, तेल, रेशनचं धान्य हे प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरातले होते, म्हणून हातात लाटणी आणि थाळ्या आल्या. मृणालताई तेव्हा आमदार होत्या, पण गोरेगावच्या बाईला त्या आमदार म्हणून माहीत होण्याआधी पाणी आणून देणारी बाई म्हणून माहीत होत्या. मोर्चात जे ऐकलं ते त्या विधानसभेत मांडत आणि तिथलं उत्तर पुन्हा वस्तीत येऊन सांगत. ही ये-जा टिकली की ‘पुढारी की नागरिक’ हा भेदच धूसर होतो. बहुतेक ठिकाणी ती टिकत नाही हा आपला त्रास.

आता अलीकडचं. २०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे आणले. विरोधी पक्ष त्याविरुद्ध संसदेत लढलेच नाहीत असं नाही. २० सप्टेंबरला राज्यसभेत त्यांनी प्रत्यक्ष मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही, त्यातली दोन विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली आणि गोंधळाबद्दल आठ खासदार निलंबित झाले. सभागृहातला रस्ता तिथे बंद झाला. त्याआधीच पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या रेट्यामुळे अकाली दलाच्या हरसिमरत कौर बादल यांनी मंत्रिपद सोडलं होतं. २६ नोव्हेंबरपासून शेतकरी दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमांवर बसले. शेतकरी संघटनांच्या संयुक्त किसान मोर्चा या आघाडीने नियम केला की राजकीय पक्षाचा पुढारी व्यासपीठावरून बोलणार नाही. पाठिंबा द्या, मंडपात खाली बसा, लंगरमध्ये जेवा, माईक मिळणार नाही.

या आंदोलनातली माझ्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट जानेवारी २०२१ मधली आहे. सरकारने दीड वर्ष कायदे स्थगित ठेवायची तयारी दाखवली. कडाक्याच्या थंडीत ट्रॉल्यांमध्ये दोन महिने काढलेल्या माणसांपुढे ही लहान गोष्ट नव्हती. बोलणीला गेलेल्या नेत्यांनी तिथल्या तिथे होकार दिला नाही. ते परत आले, प्रस्ताव मोर्चाच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आणि सभेने तो फेटाळला. पाच दिवसांनी काही आंदोलक लाल किल्ल्यात घुसल्याचा प्रकार घडला, आंदोलन मोडतंय की काय अशी वेळ आली, तरी ते तगलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी माघार जाहीर केली. तेव्हाही शेतकरी लगेच उठले नाहीत. संसदेने कायदे रद्द करेपर्यंत आणि गुन्हे मागे घेण्याबद्दल सरकारचं पत्र हातात येईपर्यंत, म्हणजे ९ डिसेंबरपर्यंत, ते बसून राहिले.

एवढ्या यशानंतर काही संघटनांना वाटलं, आता निवडणूकही लढवू. पंजाबच्या २०२२ च्या निवडणुकीत त्यांनी संयुक्त समाज मोर्चा काढला. एकही जागा आली नाही. ज्या शेतकऱ्यांनी या नेत्यांच्या शब्दावर वर्ष काढलं त्यांनीच मत मात्र दुसऱ्यांना दिलं. हा कृतघ्नपणा म्हणता येणार नाही. आंदोलनासाठी लागणारा विश्वास आणि सरकार चालवायला लागणारा विश्वास यांत फरक आहे आणि लोकांना तो कळतो. अण्णा हजारेंच्या २०११ च्या उपोषणातून निघालेल्या आम आदमी पक्षाने दिल्लीत सत्ता मिळवली, पण ज्या लोकपालसाठी देश रस्त्यावर आला होता तो कायदा डिसेंबर २०१३ मध्ये होऊनही पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यासाठी रामलीला मैदान पुन्हा तसं भरलं नाही.

किंमत कोण मोजतं याबद्दलही मोकळेपणाने बोललं पाहिजे. पुढाऱ्यावर गुन्हा दाखल झाला तर त्याच्याकडे वकील असतो, पक्ष असतो, आणि प्रचारात तो ते मिरवूही शकतो. बारावी झालेल्या मुलावर जमावबंदी मोडल्याचा किंवा सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला, तर नोकरीच्या वेळी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घेताना तो पुढे येतो. आईबाप तारखांना एसटीने तालुक्याला जातात. राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात खरे, पण तुमचा गुन्हा त्यात बसतो की नाही यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जो जास्त गमावणार आहे, तडजोडीबद्दल शेवटचा शब्द त्याचाच असला पाहिजे. विरोधी पक्षांना बोलवा, त्यांचे आमदार वापरा, वकील वापरा, माईकही द्या हवा तर. पण बोलणीला कोण जाणार, परत येऊन कोणाला विचारणार, कागदावर सही कोणाच्या संमतीने होणार आणि पोरांवरचे गुन्हे मागे घेणं त्या कागदात आहे की नाही, हे पहिल्या बैठकीतच सगळ्यांसमोर ठरवून घ्या. पुढाऱ्याला हे मान्य नसेल तर तो कशासाठी आलाय ते तिथेच कळतं.

पक्षाशी जोडलेल्या संघटनेलाही हे जमतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च किसान सभेचा होता, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या जवळची संघटना. कळवणचे त्या वेळचे आमदार जे. पी. गावित नेत्यांत होते. चालणारे बहुतेक आदिवासी होते. कसत असलेल्या वनजमिनीचा सातबारा आपल्या नावावर व्हावा यासाठी सुमारे १८० किलोमीटर चालून आलेले, कित्येकांच्या तळपायाची सालं निघालेली. सोमय्या मैदानावर मुक्काम होता, सकाळी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. मुलांना त्रास नको म्हणून ही माणसं झोप न घेता रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. मुंबईकरांनी दुसऱ्या दिवशी पाणी, बिस्किटं, चपला आणून दिल्या. सरकारने लेखी आश्वासन दिलं, लोक घरी गेले.

आश्वासन पुरतं पाळलं गेलं नाही. २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, पुन्हा आश्वासन मिळालं. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून मोर्चा तिसऱ्यांदा निघाला. बोलणी झाली, मागण्या मान्य झाल्याचं सांगण्यात आलं. या वेळी शेतकऱ्यांनी वासिंदला तळ ठोकला आणि सांगितलं की मुख्यमंत्री हे विधानसभेत बोलू देत, अंमलबजावणीचे आदेश खालपर्यंत जाऊ देत, मग आम्ही हलतो. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं, त्यानंतरच वासिंदचा तळ उठला.